पायाची मोटार, बटणाची मोटार

आबा, दादाच्या होडीला मोटार बसली. एकामागून एक दोन बसल्या, आणि दोन्ही वेळेला कोणती घ्यायची ते मीच ठरवलं. तुम्हाला जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली. तेव्हा मी तेरा वर्षांची होते, तुम्ही त्रेचाळीसचे. आज मी बावन्नची आहे, म्हणजे तुमच्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि तरीही काही ठरवायची वेळ आली की वाटतं, तुम्ही आत याल, खांद्यावरचं उपरणं खुंटीला अडकवाल आणि विचाराल, ‘काय चाललंय गं?’ तसं विचारलंत असं धरून लिहिते.

तुमच्या वेळी आपल्या धरणाच्या काठावर एकही मोटार नव्हती. वल्हं, बांबू आणि अंगातला जोर. आता होडीच्या पुढच्या टोकाला बसवायची विजेची छोटी मोटार मिळते, बॅटरीवर चालणारी, मासा न बुजवणारी. लांब दांडीच्या टोकाला पाण्यात पंखा असतो, ती दांडी फिरवली की होडीचं तोंड फिरतं. दांडी फिरवायच्या दोन तऱ्हा आहेत. एका मोटारीत पायाखाली पेडल असतं आणि पेडलापासून दांडीपर्यंत पोलादी केबली गेलेल्या असतात. चवडा दाबला की होडी उजवीकडं, टाच दाबली की डावीकडं, दाबल्या क्षणी. दुसरीत केबल नाही, नुसती वायर. बटण दाबलं की वर डोक्यात बसवलेली आणखी एक बारकी मोटार गुरगुरते आणि दांडी फिरवते. त्या दुसरीत एक बटण जास्तीचं असतं. ते दाबलं की ती उपग्रहावरून आपली जागा ओळखते आणि होडी तिथंच धरून ठेवते, वारं असो की लाट असो. दादानं पहिलीला नाव दिलं पायाची, दुसरीला बटणाची.

दादाचा कल पायाकडं असणार हे मला आधीच माहीत होतं. तुमच्याच हाताखाली शिकलेला. तुम्ही जाळ्याची दोरी उजव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळून बसायचात, हात वल्ह्यावर, आणि जाळ्याला काय लागलं, मासा की झाडाचं खोड, हे तुम्हाला पायातून कळायचं. मला एकदा बरोबर नेलं होतंत. मी दहाची असेन. माझ्याही अंगठ्याला दोरी बांधलीत. मी सारखी अंगठ्याकडं बघतेय, हलला का, हलला का. तुम्ही वल्ह्याची मूठ माझ्या हनुवटीखाली लावून तोंड वर केलंत. ‘पायाकडं काय बघतीस? त्याचं त्याला कळतंय. डोळं पाण्यावर ठेव.’ मला रडू आलं होतं. घरी येऊन आईजवळ चुलीपाशी बसले, तर ती मरळ साफ करता करता म्हणाली, ‘पाण्यावर दुसरीकडं बघितलेलं त्यान्ला चालत नाय. मलाबी लई बोललेत.’ आणि मरळीच्या पोटातली गाबोळी तव्यावर भाजून माझ्या हातावर ठेवली, तुमच्या आधी मला.

तुम्ही गेलात त्या दिवसाबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. उन्हाळा होता. जाळं पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावाच्या कुठल्याशा भिंतीत अडकलं असणार. ते सोडवायला तुम्ही पाण्यात उतरलात आणि तेवढ्यात वारं सुटलं. पोहणाऱ्या माणसापेक्षा रिकामी होडी जोरात जाते. तुम्ही तिच्या मागं किती वेळ पोहलात, ते कुणी पाहिलं नाही. आम्ही दुपारी पाहिली ती होडी. आपोआप आडवी होत काठाला लागली, आत तुमचा सदरा घडी करून ठेवलेला. आईनं सदरा बघितला आणि खाली बसली. तुम्ही सापडलात तिसऱ्या दिवशी. दादा एकोणीस वर्षांचा होता. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं तीच होडी पाण्यात ढकलली. मी त्यानंतर कधी होडीत पाय ठेवला नाही.

मी वाळूजला एका कारखान्यात आहे. तिथं दुचाकीच्या क्लचच्या, ब्रेकच्या केबली बनतात. सव्वीस वर्षं झाली, सगळी तपासणी विभागात. एक यंत्र केबल ओढतं, सोडतं, ओढतं, सोडतं, आणि आम्ही बघत बसतो ती कधी दमते. एकोणीस बारीक तारांचा पीळ असतो. तो एकदम तुटत नाही. आतली एक तार जाते, मग दुसरी, आणि बाहेरचं काळं आवरण मात्र नव्यासारखं चकचकीत दिसत राहतं. डोळ्याला काही कळत नाही, हाताला कळतं. ओढ जड होते, मध्येच कुठं तरी अडखळते. मी नव्या पोरींना हेच शिकवते, की केबल जाण्याआधी सांगून जाते, फक्त तुमचा हात तिच्यावर पाहिजे.

दादा आता अठ्ठावन्नचा आहे. इतकी वर्षं वहिनी त्याच्याबरोबर होडीत असायची. तो जाळं ओढायचा, ती वल्ह्यानं होडी धरून ठेवायची. गेल्या वर्षी तिचा खांदा आखडला आणि दादा एकटा पडला. त्याला शुगर आहे, दहा-बारा वर्षांची. एका हातानं जाळं आणि एका हातानं वल्हं असं त्याचं चाललेलं बघून रविवारी गळ टाकायला येणारे शहरातले एक निवृत्त डॉक्टर म्हणाले, मोटार बसवा. त्यांच्या ओळखीच्या दुकानदारानं दोन्ही तऱ्हेच्या मोटारी एक दिवस वापरून बघायला दिल्या. दादानं मला फोन केला. ‘तू केबलीतली माणूस हाईस. येऊन बघ आन् सांग.’

मी काठावर उभी राहिले. आधी पायाची. दादानं पेडलावर पाय ठेवला आणि होडी अशी वळली जशी म्हैस गोठ्याकडं वळते. डॉक्टर टाळ्या वाजवायला लागले. ‘तुम्ही पाण्यात जन्मलात का हो?’ दादा हसला. गोल फिरला, मागं गेला, बांबूला खेटून थांबला. सगळे होडीकडं बघत होते. मी दादाकडं बघत होते. दादा पाण्याकडं बघतच नव्हता. वळताना, थांबताना, प्रत्येक वेळी त्याची नजर खाली, स्वतःच्या पायाकडं. एकदाही वर नाही.

मग बटणाची. मधल्या पाण्यात जाऊन डॉक्टरांनी जागा धरायचं बटण दाबलं. वारं होतं. बाकीच्या होड्या सरकत होत्या आणि आपली जागच्या जागी उभी राहिली, तोंड वाऱ्याकडं करून. मोटारीचं डोकं आपोआप इकडं वळे, तिकडं वळे, जरा गुरगुरे, गप्प बसे. दादा काठावर आला तो वैतागून. ‘मेलं मुंडी फिरवून बघतंय. होडीत दुसरं कुणीतरी बसल्यावानी वाटतं.’

मी त्याला बाजूला घेतलं. ‘दादा, पाय बघू.’

‘पायाला काय झालं?’

मी वाकून त्याच्या तळव्याला नख लावलं, जोरानं. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. ‘काय करतीस?’ म्हणाला. त्याला कळलंच नव्हतं.

‘तुला पायाला काही लागत नाही, दादा. कधीपासून?’

‘दोन-तीन वर्षं झाली आसंल. त्याचं काय एवढं?’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘तुझ्या वहिनीला बोलू नको.’

‘बटणाची घे.’

‘आन् बटणाची बंद पडली मंग? ती सांगून बंद पडती व्हय? केबल कसं, दिसती, हाताला लागती. तूच बनवतीस ना? सव्वीस वर्षं त्याच्याच भाकरी खातीस, आन् तुझाच तुझ्यावर भरोसा नाय?’

त्याचं चूक नव्हतं, आबा. वायरीतला बिघाड आधी सांगत नाही. पण केबलचं सांगणं ज्या पायाला ऐकू येत नाही, त्या पायाखाली केबल द्यायची कशी, हे मला तेव्हाच तोंडावर बोलायला पाहिजे होतं. त्याच्या डोळ्यांत ती होडी वळवतानाचं हसू अजून होतं. मी म्हणाले, ‘बरं. पायाची घे. दर महिन्याला केबल मी येऊन बघणार.’ तो म्हणाला, ‘बघ की.’

पहिले दोन महिने गेले मी. पेडल हातानं दाबून बघितलं, वंगण घातलं, लोण्यासारखं चाललं होतं. तिसऱ्या महिन्यात कारखान्यात ऑडिट होतं, चौथ्यात एका पोरीच्या जागी मला दोन पाळ्या कराव्या लागल्या. फोनवर विचारायचे, ‘पेडल जड लागतंय का?’ दादा म्हणायचा, ‘नाय, एकदम झकास.’ तो खोटं बोलत नव्हता. त्याला जड आणि हलकं यातलं काहीच कळत नव्हतं.

एका सकाळी वहिनीचा फोन आला. ‘वन्सं, ह्यांच्या चपलीला वास मारतोय.’ मी पोहोचले तेव्हा दादा ओट्यावर पाय लांब करून बसला होता, जसं काही पाहुणे येणार म्हणून बसलाय. अंगठा काळा पडला होता. मी तशीच उठून काठावर गेले आणि होडीत न चढता, चिखलात उभी राहून पेडल उचललं. पेडलाखाली जिथं केबल वळते तिथं आवरण घासून फाटलं होतं आणि आतून चार तारा सुटून वर आल्या होत्या. सुटलेली तार सुईपेक्षा वाईट असते. कितीतरी दिवस दादा अनवाणी पाय ठेवत होता आणि तार आत जात होती, तो उचलत होता, ती बाहेर येत होती. होडीच्या तळाला वाळलेला डाग होता, तो त्याला माशाच्या रक्ताचा वाटला होता. मी पेडल दाबून बघितलं. अडखळत होतं. एखादी नवी शिकाऊ पोरगीसुद्धा डोळे मिटून सांगेल, इतकं.

शहरातल्या सरकारी दवाखान्यात त्याचा अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. तुमच्या वेळचं औरंगाबाद, आता गाडीच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहितात. वॉर्डात दादा खिडकीकडं तोंड करून झोपायचा. डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं, रोज पाय आरशात बघा, उपाशी राहून इन्सुलिन घेऊ नका, एकट्यानं पाण्यात जाऊ नका. तो प्रत्येकाला मान हलवत होता. त्या गेल्यावर मला म्हणाला, ‘आबांनी अंगठ्याला दोरी बांधून शिकवलं. आता दोरी कुठं बांधू?’ मी त्याच्या पांघरुणाचं टोक नीट केलं.

दोन महिन्यांनी जखम भरली आणि तो पुन्हा वल्हं घेऊन निघाला. तेव्हा मी त्याला न विचारता बटणाची मोटार आणली. स्वतः बसवली, सगळी जोडणी दोनदा तपासली. दादा बाभळीखाली बसून बघत होता. रिमोट त्याच्या गळ्यात अडकवायला गेले तर म्हणाला, ‘वळवणार ती, जागा धरणार ती. मंग माझं काय काम ऱ्हायलं त्यात? मी वझं व्हय?’

‘जाळं कोण ओढणार?’

‘एक दिवस तेबी यील बटणाचं.’

पण घेतली त्यानं. आणि खरं सांगायचं तर काम सोपं झालं. जागा धरायचं बटण दाबायचं आणि दोन्ही हातांनी जाळं ओढायचं. वहिनी म्हणायची, आता ते घरी येऊन कण्हत नाहीत. काठावरचे लोक बघायला यायचे. मलाच काय ते करमायचं नाही. बाकीच्या होड्या पाण्याबरोबर डुलतात, सरकतात, त्यात माणूस आहे हे लांबून कळतं. ही उभी राहायची ती राहायचीच. एका दुपारी काठावर बसले असताना एकदम मनात आलं, तुमच्या होडीनं येऊन आम्हाला सांगितलं तरी. ही काही सांगणार नाही. हिच्यात माणूस असला काय आणि नसला काय, ही बॅटरी संपेपर्यंत तशीच उभी राहील. हा विचार मी कुणाला बोलले नाही. असलं काही तोंडातून काढू नये असं वाटलं.

परवाची गोष्ट. मला सुट्टी होती. वहिनी लासूर स्टेशनला तिच्या भाचीच्या लग्नाला गेली होती, म्हणून दादाच्या सोबतीला मी आले होते. सकाळी त्यानं इंजेक्शन घेतलं. मी भाकरी टाकत होते तर म्हणाला, ‘बांधून दे, पाण्यावर खातो.’ मी बांधून दिली. ती भाकरीची पिशवी ओट्यावरच राहिली हे मला फार उशिरा दिसलं. दादा पाण्यात आत गेला, नेहमीच्या जागेवर होडी उभी केली. मी काठावर बाभळीखाली मेथी निवडत बसले होते.

दुपारी वारं सुटलं, आणि पाणी आधी करडं झालं, मग काळपट. एकेक होडी परतायला लागली. दादाची उभीच, तोंड वाऱ्याकडं करून. मी हाक मारली. पुन्हा मारली. फोन लावला, तो वाजत राहिला. शेजारचे काका थर्माकोलचा तराफा ओढून वर घेत होते. त्यांना म्हटलं, ‘काका, दादा हलत नाही.’ ते डोळ्यांवर हात धरून बघत म्हणाले, ‘आगं होडी तर ठीक दिसती.’

‘होडी ठीकच दिसणार, काका. चला.’

मी तराफ्यावर बसले, आबा. एकोणचाळीस वर्षांनी. पाणी दोन्ही बाजूंनी वर येत होतं, साडी भिजून पायाला चिकटली होती. जवळ गेलो तसा तो आवाज ऐकू आला. गुर्र, गप्प. गुर्र, गप्प. मोटारीचं डोकं इकडं वळत होतं, तिकडं वळत होतं. दादा जाळ्याच्या ढिगाला टेकून बसला होता, हनुवटी छातीवर, सदरा घामानं ओला, तोंड पांढरं. गळ्यातला रिमोट श्वासाबरोबर वरखाली होत होता, म्हणून तो जिवंत आहे हे मला कळलं.

पर्समध्ये खडीसाखर असते माझ्या, दादाची शुगर कमी झाली तर असावी म्हणून. ती दातांनी फोडली, ओली केली आणि बोटानं त्याच्या गालाच्या आतून घासली, पुन्हा घासली. काका त्याची मान धरून बसले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. बॅटरीवर एकच दिवा उरला होता आणि तो लुकलुकत होता. मग दादाची जीभ हलली. डोळे उघडले, पण मला ओळखलं नाही.

‘होडी कुठं गेली?’ म्हणाला.

‘कुठं नाही गेली. इथंच आहे. तू होडीतच आहेस.’

त्यानं हातानं कडा चाचपली. मग रडायला लागला, तोंड उघडं टाकून, आवाज न करता.

दोन दिवसांत तो सावरला. सगळे म्हणतायत बटणाची मोटार होती म्हणून वाचला, नाहीतर होडी त्याला घेऊन मधल्या पाण्यात गेली असती, वाऱ्यात उलटली असती. शहरातले डॉक्टर फोनवर म्हणाले, ‘तुमची निवड बरोबर होती, ताई.’ वहिनी माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला धरलं. आज सकाळी दादा बॅटरी चार्जिंगला लावताना दिसला. मी विचारलं तर म्हणाला, ‘उद्या जायचंय.’ आता वहिनी बरोबर बसेल, भाकरी काठावर खाऊनच निघायचं, दर अर्ध्या तासानं हात वर करून दाखवायचा, असं सगळं ठरवून घेतलंय. तो सगळ्याला हो म्हणाला, जसा वॉर्डात म्हणाला होता.

कारखान्यातल्या तपासणीच्या कोऱ्या तक्त्यांमागं हे लिहिलंय. कुठं धाडायचं नाहीच, घडी घालून साड्यांच्या खाली ठेवीन. दादाला वाचता येतं, म्हणून त्याच्या हाताला लागता कामा नये.

कारण सगळ्यांना मी सांगितलंय की वारं सुटलं, माझी नजर गेली आणि मी तशीच धावले. तसं नव्हतं, आबा. त्याची मान खाली गेली तेव्हा मी बघत होते. वारं सुटायला अजून पाऊण तास तरी होता. मला वाटलं, उभ्या जन्मात याला पहिल्यांदा पाण्यावर डुलकी लागली, आणि ती माझ्यामुळं. होडी जराही हलत नव्हती. मी मेथी निवडत राहिले, आणि मला फार बरं वाटत होतं.